लाल खूण

मी दुर्बीण बोलतेय. चंद्र-ताऱ्यांकडे बघणाऱ्या बड्या घरच्या दुर्बिणी असतात, त्यांतली मी नव्हे. हातभर लांबीची, काळी, तीन पायांच्या बुटक्या तिवईवर बसणारी मी साधी दुर्बीण. नेमबाजीच्या क्लबात, नेमबाजाच्या शेजारच्या टेबलावर माझी जागा. समोर लांबवर मातीच्या बांधापुढे कागदाची कार्डं लावलेली असतात, वर्तुळं काढलेली, मधे काळी; बरोबर मधोमध लागलं तर दहा गुण. त्यांवर छोट्या रायफलीच्या गोळीनं पडलेलं भोक वाटाण्याएवढंही नसतं. ते कुठं पडलं हे सांगायला मी लागते. एवढंच माझं काम, आणि ते मी आजवर चोख केलंय. हे आधीच सांगून ठेवते, कारण मध्यंतरी माझ्यावर भलताच आळ आला होता.

माझ्यात एक उणीव आहे, पण ती जन्माची. मला लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही. ज्यांच्या घरात मी इतकी वर्षं राहिले, त्यांचे चेहरे मी धड पाहिलेले नाहीत. मागच्या काचेला त्यांच्या पापण्यांचे केस लागतात, तेवढीच आमची ओळख. बाकी सगळं ऐकून ऐकून.

माझा जन्म एका लांबलचक खोलीतला. तिथं पांढरी टोपी घातलेल्या बायका ओळीनं बसून भिंगं बसवायच्या. भिंग बसवताना त्यावर वाफ धरू नये म्हणून त्या श्वास रोखायच्या, आणि बसलं की सगळ्या एकदम हुश्श करायच्या. पुढं नेमबाजांच्यात आले, तर तिथंही तेच. गोळी सुटेपर्यंत श्वास रोखायचा आणि मग सोडायचा. श्वास रोखणाऱ्या माणसांतच आयुष्य काढायचं माझ्या नशिबात लिहिलेलं होतं म्हणायचं.

नेमबाजांच्यात येण्याआधी बराच काळ मी एका दुकानाच्या काचेत उभी होते. समोर एक बंद पडलेलं दुकान होतं आणि त्याच्या शटरवरचा गंज मला अगदी ठळक दिसायचा. लांबचं स्वच्छ दिसण्याचा असाही तोटा असतो. जे दाखवतील ते बघत बसावं लागतं.

एके दिवशी एक जोडपं दुकानात शिरलं. दुकानदारानं माझ्या अंगावरची धूळ झटकली आणि त्या गृहस्थांना म्हणाला, "साहेबांना शिकारीला हवीय का?"

"साहेबांना नको, मला हवीय," बाईंचा आवाज आला. काय आवाज होता! दुकानाच्या पार मागच्या फळीवरच्या डब्यांनाही ऐकू जावा असा, पण कर्कश नव्हे. "हे रविवारी क्लबात जाऊन गोळ्या मारतात आणि कार्ड हातात येईपर्यंत घुम्यासारखे बसून राहतात. काय झालं म्हणावं, तर 'बघू'. मी शेजारी बसून नुसती जांभया देते. ही असली म्हणजे मला आधी कळेल."

"अगं, पण महाग आहे."

"असू दे. माझी हौस आहे. तुमच्या हौशीला मी कधी नाही म्हटलंय का?"

गृहस्थांनी पाकीट काढलं. ते तसे कमीच बोलायचे.

ते लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. उंच इमारतींच्या अंधाऱ्या खड्ड्यात उतरून दोरखंड तपासायचे, तेल घालायचे. क्लबात त्यांना सगळे 'लिफ्टवाले' म्हणत. आणि बाई बसस्थानकावर घोषणा करायच्या. अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी, हे दिवसभर. एकाचं काम खड्ड्यात गप्प बसायचं, दुसरीचं सगळ्या गावाला ओरडून सांगायचं. यांचं जमलं कसं, असा प्रश्न लोकांना पडे. मला मात्र पहिल्याच रविवारी उत्तर मिळालं.

क्लब म्हणजे गावाबाहेरची एक जुनी, दगड काढून संपलेली खाण. मागं मातीचा उंच बांध, पुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये नेमबाजांच्या लेन आणि कोपऱ्यात चहाचं टेबल. लिफ्टवाले चटईवर पालथे पडले, त्यांनी कानांवर टोपणं चढवली, नेम धरला. ठो! बाईंनी माझ्या मागच्या काचेला डोळा लावला, मग वाकून त्यांच्या एका कानावरचं टोपण उचललं आणि घोषणेच्या सुरात म्हणाल्या, "नऊ. उजवीकडून. गाडी वेळेवर आहे."

लिफ्टवाले हसले. चटईवर पालथं पडून हसलेलं कळत नाही असं त्यांना वाटत असेल, पण टेबल हललं म्हणजे मला कळायचं.

नेम चुकला की त्या 'चुकला' कधी म्हणायच्या नाहीत. "सहा. खालून. गाडी उशिरानं धावत आहे," म्हणायच्या. आणि गोळी कार्डाच्या कडेला लागली, तर, "गाडी रद्द. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." मग शेजारच्या लेनवालेही गालातल्या गालात हसायचे. गोळ्या मारताना हसायचं नसतं म्हणून क्लबाचे मास्तर शिट्टी वाजवून दटावायचे. मास्तर म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले. मैदानावर त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणतील तेव्हा गोळी सुटणार आणि ते म्हणतील तेव्हा रायफल खाली.

आता त्या लाल खुणेचं सांगते. माझ्या अंगावर एक रिंग आहे. ती फिरवली की दिसणारं चित्र स्पष्ट होतं. पण प्रत्येकाचा डोळा वेगळा. बाईंना जिथं लख्ख दिसायचं, तिथं लिफ्टवाल्यांना धूसर दिसायचं, आणि त्यांना दिसायचं तिथं बाईंना. दिवसभर रिंग इकडून तिकडे. शेवटी बाई वैतागल्या. पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि आपल्या डोळ्याला लागणाऱ्या जागी माझ्या रिंगवर एक लाल ठिपका लावला.

"ही माझी खूण. तुमचं बघून झालं की गाडी पुन्हा माझ्या फलाटावर आणून लावायची."

"हो, बाईसाहेब."

"आणि विसरलात तर?"

"तर चहा माझ्याकडून."

तेव्हापासून लिफ्टवाले डोळा लावायचे, रिंग आपल्याकडं फिरवायचे, बघून झालं की ठिपक्यावर परत आणायचे. कधी विसरले नाहीत. मी दागिन्यांची नाही, पण तो ठिपका मला मिरवावासा वाटायचा.

चहाचा क्लबात आणखी एक रिवाज होता, तोही आत्ताच सांगायला हवा. कधी कधी नेमबाज गडबडतो आणि आपल्या कार्डाऐवजी शेजाऱ्याच्या कार्डावर गोळी मारतो. क्लबात अशा गोळीला 'पाहुणा' म्हणत. ज्याचा पाहुणा गेला, त्यानं यजमानाला आपल्या हातानं चहा करून द्यायचा, आणि यजमानानं तो मिटक्या मारत सगळ्यांना दाखवून प्यायचा. हसणं-खिदळणं व्हायचं, संपलं. पण एकाच सामन्यात दुसरा पाहुणा गेला, तर मास्तर हसायचे नाहीत. "ज्याला आपलं कार्ड ओळखता येत नाही, त्यानं रायफल खाली ठेवायची," हा नियम होता. गोळी कुठं जातेय हे ज्याला कळत नाही, त्याच्या शेजारी कुणी निजायचं? नियम योग्यच होता. तो कुणाला लागू झाल्याचं मात्र मी पाहिलं नव्हतं.

बरीच वर्षं अशी गेली. मग बाईंना धाप लागायला लागली. आधी थोडी, मग जिना चढताना, मग बसल्या जागी. शेवटच्या रविवारी त्या शाल गुंडाळून आल्या होत्या. मोठ्यानं बोलता येत नव्हतं, म्हणून टोपण उचलून अगदी कानाशी जाऊन म्हणाल्या, "दहा. मधोमध." पुढचं वाक्य त्यांना धापेमुळं पुरं करता आलं नाही. लिफ्टवाल्यांनीच ते पुरं केलं.

बाई गेल्यावर मी पेटीत, आणि पेटी कपाटावर. किती काळ ते ठाऊक नाही, पेटीत अंधारच असतो. बाहेरचं ऐकू मात्र यायचं. पूर्वी या घरात सकाळपासून घोषणा चालायच्या. दूध तापलंय, अंघोळीचं पाणी निघालंय, छत्री विसरू नका. आता नळ सुरू झाला की मला कळायचं, बंद झाला की कळायचं, आणि मधे काहीच नसायचं. लिफ्टवालेही निवृत्त झाले होते. मुलगा दुसऱ्या शहरात. त्याचा फोन यायचा.

"बाबा, बरं आहे ना?"

"बरं आहे."

"जेवलात?"

"जेवलो."

"ठेवू मग?"

"ठेव."

एवढ्या बोलण्यावर त्यांचे दिवस जायचे. माणूस मुळात कमी बोलणारा असला की लोकांना वाटतं त्याला बोलायची गरजच नसते. हे साफ खोटं आहे. कमी बोलणाऱ्याला तर कुणीतरी समोर लागतंच, नाहीतर त्याचं सगळंच आत राहतं.

शेवटी क्लबातले दंतवैद्य एका रविवारी गाडी घेऊन दारात उभे राहिले. हे गृहस्थ आठवडाभर लोकांच्या दातांना भोकं पाडायचे आणि रविवारी कागदाला. "लिफ्टवाले, चला. तुमच्याशिवाय मी शेवटून दुसरा कसा येणार? शेवटचाच येतोय," असं म्हणून त्यांना अक्षरशः ओढून घेऊन गेले. तेव्हापासून रविवार म्हणजे लिफ्टवाल्यांचा एकुलता एक दिवस झाला. शनिवारी संध्याकाळी पेटी खाली यायची. मऊ फडक्यानं ते माझी काच पुसायचे आणि पुसता पुसता पुटपुटायचे, "उद्या." आठवड्यात त्यांच्या तोंडून आपणहून निघालेला तेवढाच शब्द.

पण क्लबात एक गोष्ट बदलली होती. लिफ्टवाले आता गोळी मारून स्वतःच उठायचे, स्वतःच डोळा लावायचे, पण रिंग फिरवायचे नाहीत. ती लाल ठिपक्यावर होती, तशीच राहू द्यायचे. धूसर दिसायचं. तसंच डोळे बारीक करून बघायचे आणि परत पालथे पडायचे.

दंतवैद्यांच्या ते लक्षात आलं. "अहो, फिरवा ना जरा. फुकटचा डोळ्यांना ताप."

"राहू दे. सवय झालीय."

मी काय बोलणार? त्या ठिपक्यावरून गाडी हलवायची म्हणजे काय, हे मला कळत होतं. फलाट रिकामा करायचा होता, आणि त्यांच्या हातून तो होत नव्हता. तेव्हा मला त्यांचं कौतुकच वाटलं. नंतर मी स्वतःवर चिडले, पण त्याचा काय उपयोग?

कारण पुढं पुढं ते धूसरपण वाढत गेलं. त्यांच्या पापण्या माझ्या काचेवर जास्त वेळ थांबायच्या, घासायच्या, मान वाकडी व्हायची. मधेच फडकं काढून मला पुसायचे. मी आरशासारखी स्वच्छ होते हो! "हिच्या नंबरामुळं असं दिसतंय," असं एकदा स्वतःशीच म्हणाले. आपल्या डोळ्यात काही बिघडलं असेल, हे त्यांच्या मनातच आलं नाही. येणार कसं? बायकोच्या खुणेवरून बघतोय म्हणून धूसर दिसतंय, हे कारण तयार होतं, आणि ते कारण त्यांना प्यारं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला आवाज कुठला? आमच्यात आवाज होता तो एकीलाच.

एकदा त्यांचा एक पाहुणा शेजारच्या कार्डावर गेला. शेजारची लेन टेलरबाईंची. बाजारात शिवणाचं दुकान चालवणाऱ्या बाई, सुईत दोरा ओवावा तशा निवांत गोळ्या मारणाऱ्या. त्यांच्याकडं स्वतःची दुर्बीण नव्हती. सामना संपला की त्या माझ्यातूनच डोकावायच्या. लिफ्टवाल्यांनी चहा केला, त्यांनी मिटक्या मारत तो प्यायला, सगळे हसले. लिफ्टवालेही हसले. मला मात्र हसू आलं नाही.

मग वार्षिक सामन्याचा रविवार उजाडला. फार मोठं काही नाही. जिंकणाऱ्याला एक चषक वर्षभर घरी ठेवायला मिळतो, आणि त्याचा एक कान तुटलेला आहे. पण त्या दिवशी सगळे इस्त्रीचे कपडे घालून येतात. लिफ्टवाल्यांनी दाढी केलेली होती आणि टेबलाशी बसल्या बसल्या ते आपणहून दंतवैद्यांशी दोन वाक्यं बोलले. मला बरं वाटलं.

शिट्टी झाली. सगळे पालथे पडले. ठो, ठो, ठो, खाण घुमायला लागली. मी लिफ्टवाल्यांच्या कार्डाकडं रोखलेली होते. त्यांची पहिली गोळी सुटली, आणि माझ्यासमोरचं कार्ड जसंच्या तसं राहिलं. मला वाटलं, माझंच काही चुकलं. दुसरी सुटली. कार्ड कोरंच. त्यांनी डोळा माझ्या काचेला लावला, थोडं थांबले, "मधे असेल. काळ्यात दिसत नाही," असं पुटपुटले आणि पुन्हा नेम धरला. मी बघत राहिले. त्यांच्या सगळ्या गोळ्या सुटल्या आणि ते कार्ड नव्यासारखं कोरंकरकरीत राहिलं. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकं एकटं कधी वाटलं नाही. सगळं दिसत होतं आणि सांगायला कुणी नव्हतं.

गोळीबार थांबला. टेलरबाई नेहमीसारख्या आल्या. त्यांनी मला आपल्या कार्डाकडं वळवलं, डोळा लावला. "अगं बाई," एवढंच हळू म्हणाल्या. त्यांच्या कार्डाची पार चाळण झालेली होती. मग त्यांनी मला पुन्हा लिफ्टवाल्यांच्या कार्डाकडं वळवलं. बराच वेळ बघितलं.

कार्डं आणली गेली. मास्तरांनी टेलरबाईंचं कार्ड उजेडासमोर धरलं.

"हे काय?"

"माझंच काहीतरी चुकलं असणार, मास्तर," टेलरबाई घाईनं म्हणाल्या. "आज हात वेडावाकडा चाललाय. माझं कार्ड बाद धरा. संपवा ना."

"बाद धरीन. पण गोळ्या तुम्हाला दहाच दिल्या होत्या. भोकं दुप्पट आहेत."

दंतवैद्य मागून ओरडले, "पाहुणे कसले, अख्खं वऱ्हाडच उतरलंय की!"

सगळे खो खो हसले. मग कुणाच्या तरी हाती लिफ्टवाल्यांचं कोरं कार्ड आलं असावं. हसणं एकेक करत थांबलं. सर्वांत शेवटी दंतवैद्यांचं.

"माझेच ते," लिफ्टवाले म्हणाले. "चहा करतो. नियम तो नियम." उठले, दोन पावलं गेले आणि थांबले. कारण चहाच्या टेबलाकडं त्यांच्याबरोबर कुणीच निघालं नव्हतं. ते परत फिरले. "अहो, दुर्बीण हिच्या नंबरावर आहे, म्हणून घोटाळा झाला. धूसर दिसतं त्यातून. विचारा हवं तर. बघा तुम्हीच."

टेलरबाईंनी पुन्हा डोळा लावला. ठिपका जिथं होता, तिथूनच बघितलं. त्यांचा आणि मालकीणबाईंचा डोळा अगदी एकसारखा निघाला.

"काका, मला लख्ख दिसतंय हो," त्या म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता.

"मग तुमच्या डोळ्याला लावून बघा," मास्तर म्हणाले. त्यांनी शिट्टी खिशात टाकली होती. "फिरवा रिंग. एकदा फिरवा, लिफ्टवाले. वहिनी रागावणार नाहीत."

लिफ्टवाल्यांचा हात माझ्या रिंगवर आला. लिफ्टचे दोरखंड ओढून ओढून राठ झालेला हात. इतक्या वर्षांनी रिंग फिरली. आधी जड गेली, मग सैल झाली. त्यांनी ती आपल्या जागेवर आणली, पुढं नेली, मागं आणली, शेवटपर्यंत इकडं, शेवटपर्यंत तिकडं. मी जिवाचा आटापिटा केला. माझ्याकडं होतं नव्हतं तेवढं चित्र मी त्यांना दिलं.

"कडेचं दिसतंय," शेवटी ते म्हणाले. "बांध दिसतो, गवत दिसतं. शेजारचं कार्ड दिसतं. जिथं बघावं, तेवढंच दिसत नाही. बरोबर मधलंच नाहीये."

आता सगळ्यांना कळलं. आपल्या कार्डावर नेम धरला की ते नाहीसं व्हायचं आणि कडेचं शेजारचं तेवढं दिसायचं. माणूस जे दिसतं तिकडं जातो. ते तिकडं गेले.

मास्तरांना नियम बोलून दाखवावा लागला नाही. लिफ्टवाले चटईपाशी गेले, रायफल रिकामी असल्याची खात्री केली, ती उघडी करून खाली ठेवली, कानांची टोपणं तिच्याशेजारी ठेवली. अगदी नीट, रांगेत. मग टेबलापाशी परत आले आणि माझ्यावर हात ठेवून टेलरबाईंना म्हणाले, "रिंगवर एक लाल ठिपका आहे बघा. तिथं परत लावून द्या. मला तो दिसत नाही."

टेलरबाईंनी गाडी पुन्हा त्या फलाटावर लावली. त्या दिवशी चहा कुणी केला आणि चषक कुणी नेला, मला सांगता येणार नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याच्या मधोमध बिघाड झालाय. गेलं ते येत नाही. लवकर आला असतात तर आहे ते राखता आलं असतं, थोडंफार. मी हे घरात, मुलाशी चाललेल्या फोनवर ऐकलं. "आधी कळलं कसं नाही बाबा तुम्हाला?" असं तो विचारत होता. त्यावर लिफ्टवाले म्हणाले, "कळायला हवं होतं." ठिपक्याचं त्यांनी त्याला सांगितलं नाही.

मुलगा न्यायला आला. घर आवरताना त्यानं कपाटावरची पेटी खाली घेतली. "हिचं काय करायचं?"

"ती टेलरबाईंना दे. त्यांना रिंग फिरवावी लागत नाही."

निरोप असा काही झालाच नाही. त्यांनी फडकं मागून घेतलं आणि चाचपत माझी काच पुसली. पुसताना बोट काचेला लागलं, डाग पडला. त्यांना तो दिसला नाही. मी तो मुद्दाम बरेच दिवस जपला, पण टेलरबाई टापटिपीच्या. एक दिवस पुसून टाकला.

आता मी शिवणाच्या दुकानात राहते. आठवडाभर शिलाईयंत्राची घरघर आणि "बाही जरा सैल करा" ऐकते. रविवारी क्लबात जाते. चौथा पाय असावा तशी लिफ्टवाल्यांची रिकामी खुर्ची माझ्याशेजारी असते. ती कुणी उचलत नाही, आणि तिच्यावर कुणी बसतही नाही. पहिले काही रविवार असेच गेले. टेलरबाई गोळी मारायच्या, उठायच्या, बघायच्या, परत पालथ्या पडायच्या. सगळं मुक्यानं.

मग एका रविवारी त्यांनी फोन लावला आणि माझ्या तिवईला टेकवून ठेवला.

"काका, आवाज येतोय का?"

"येतोय. वारा आहे का आज?"

"थोडासा. डावीकडून. मी मारते हं, ऐका."

ठो. त्या उठल्या, माझ्या काचेला डोळा लावला, आणि जरा लाजत, शाळेतल्या पोरीसारख्या म्हणाल्या, "नऊ. वरच्या बाजूनं."

फोनमधून पलीकडचं घर ऐकू आलं. कुठल्या तरी दूरच्या शहरात, कुठल्या तरी अनोळखी खोलीत भांड्याचा आवाज झाला, दार लागलं. टेलरबाई थांबल्या होत्या. दंतवैद्यांनीही कानांवरची टोपणं काढली. मग तो आवाज आला, खड्ड्यातून आल्यासारखा, पण स्पष्ट.

"गाडी वेळेवर आहे."

तेव्हापासून दर रविवारी त्यांचाच फोन येतो. कधी मुलाच्या घरी पाहुणे असतात, तेव्हा येत नाही. त्या रविवारी टेलरबाई खुर्चीकडं बघून घोषणा करतात, पण पुढचं वाक्य कुणी म्हणत नाही. लांबचं बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही, अशी मला घमेंड होती. पण ते इतक्या लांब आहेत की मलाही दिसत नाहीत. बाई त्याहून लांब.

ठिपक्याचे आता पोपडे उडायला लागलेत. परवा टेलरबाईंनी फोनवर विचारलं, "काका, नवा लावू का? माझ्याकडं लाल आहे."

"लावा," ते म्हणाले. "तिचा थोडा गडद होता."

तुम्हाला एकच सांगणं आहे. गेलेल्या माणसाची खूण जपा, जरूर जपा. मीही अंगावर बाळगतेच आहे. पण अधूनमधून रिंग आपल्या डोळ्यापर्यंत फिरवून बघत जा, आणि मग परत आणून ठेवा. फलाट कुठं पळून जात नाही. माझ्या मालकांना हे सांगायला मला आवाज नव्हता. आज रविवार आहे, नवा ठिपका अजून ओला आहे, फोन माझ्या पायाशी ठेवलाय, आणि तो अजून वाजलेला नाही.